फिरत्या घराचा फ्रीज आणि विजेचा रोजमेळ

पुण्याहून सकाळी मुंबईकडे निघालेली डेक्कन क्वीन खडकी स्थानकावर थांबत नाही. लोकलची वाट पाहणाऱ्यांच्या समोरून ती काही क्षणांत निघून जाते. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या या गाडीने आपली डायनिंग कार आजवर जपली आहे. २०२२ च्या जून महिन्यात गाडीला नवे एलएचबी डबे मिळाले. तिच्या डायनिंग कारच्या स्वयंपाकघरात आता मायक्रोवेव्ह आणि टोस्टर यांच्या जोडीने डीप फ्रीझरही आहे. म्हणजे खडकीकरांच्या डोळ्यांसमोरून रोज एक धावते शीतकपाट जाते. मात्र त्याला वीज कोठून मिळते, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

हाच प्रश्न आता अनेक कुटुंबांच्या अंगणात येऊन उभा राहिला आहे. तीर्थयात्रेला किंवा दीर्घ सहलीला निघताना झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेली मोटरहोम भाड्याने घेण्याची किंवा स्वतःच बांधून घेण्याची हौस वाढली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामुळे या हौसेला अधिकृत स्थानही मिळाले. पुण्याजवळच्या आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर ही गाडी अशा बांधणीसाठी अनेकदा निवडली जाते. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये ‘बजाज टेम्पो’ या नावाने सुरू केलेली ही कंपनी. या पानांच्या वाचकांना त्या नावाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

गाडीत पलंग बसवणे सोपे आहे, ओटा बसवणेही सोपे आहे. अडते ते फ्रीजपाशी. दिवे आणि पंखे रात्री काही तासच चालतात. फ्रीजला मात्र चोवीस तास विजेची जोड लागते. आणि गाडी चोवीस तास चालत नाही.

रेल्वेने हे कोडे फार पूर्वी सोडवले. जुन्या निळ्या डब्यांच्या पोटाशी लोखंडी पेट्या टांगलेल्या दिसत; त्या बॅटरीच्या पेट्या. डब्याच्या आसाला पट्टा लावून त्यावर वीजजनक यंत्र फिरवले जाई. गाडी धावत असताना त्यातून दिवे-पंखे चालत आणि बॅटरीही भरली जाई. गाडी थांबली की बॅटरीतली शिल्लक वापरली जाई. एखाद्या आडगावच्या स्थानकावर गाडी फार वेळ खोळंबली की पंखे मंदावत आणि दिवे पिवळे पडत, हे जुन्या प्रवाशांना आठवत असेल. पुढे वातानुकूलित लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या टोकांना डिझेल जनित्रांचे स्वतंत्र डबे जोडण्यात आले. त्यानंतर वरच्या तारेतून इंजिनाने घेतलेली वीजच डब्यांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत रूढ होऊ लागली. चालत्या यंत्राची वीज, वेगळ्या जनित्राची वीज आणि बाहेरून मिळणारी वीज, असे हे तीन मार्ग. मोटरहोमच्या मालकासमोरही हेच तीन मार्ग आहेत. चौथा मार्ग छपरावरच्या सौर पॅनेलने जोडला आहे.

खर्चाची बाजू आधी

बहुतेक लोक आरंभ करतात तो बॅटरीच्या दुकानातून. किती मोठी बॅटरी घ्यावी, असे विचारतात आणि दुकानदार सांगेल ती घेऊन येतात. दुकानाचा रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला यातली चूक लगेच कळावी. खर्च किती हे ठाऊक नसताना तिजोरी किती मोठी हवी, हे कसे ठरणार?

प्रवासी गाड्यांसाठी बनवलेला, १२ व्होल्टवर थेट चालणारा, कॉम्प्रेसरचा चाळीस लिटरचा फ्रीज चालू असताना साधारण ५० वॅट वीज घेतो. तो अखंड चालत नाही; आतले तापमान उतरले की थांबतो, चढले की पुन्हा सुरू होतो. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात तो दिवसभरातला निम्मा वेळ चालेल असे धरले, तर ५० वॅट गुणिले १२ तास म्हणजे ६०० वॅट-तास. घरगुती मीटरच्या भाषेत हे अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक. बॅटरीच्या भाषेत ते ५० अँपिअर-तास होतात.

आता तिजोरी पाहू. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर बाराशे वॅट-तास देते. मात्र ती निम्म्याहून अधिक वारंवार रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून तिच्यातले सहाशेच आपले. उरलेले सहाशे मुद्दल समजावे आणि त्याला हात लावू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची त्याच मापाची बॅटरी सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्तपणे वापरता येते, म्हणजे हजारेक वॅट-तास. ती महाग असते, पण वजनाने निम्म्याहून हलकी असते आणि कित्येक पटींनी अधिक वेळा भरता-रिती करता येते.

याउलट घरचाच दोन दारांचा फ्रीज उचलून गाडीत ठेवला तर काय होते? त्याला २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज लागते, म्हणून मध्ये इन्व्हर्टर आला. फ्रीज थांबलेला असतानाही तो इन्व्हर्टर स्वतः जागा राहण्यासाठी दहा-पंधरा वॅट खातो. चोवीस तासांत साडेतीनशे वॅट-तास केवळ त्याच्या पोटात जातात. फ्रीजचा स्वतःचा दिवसाचा खर्च उन्हाळ्यात एका युनिटाच्या आसपास. शिवाय सुरू होतानाचा क्षणिक झटका नेहमीच्या भाराच्या कित्येक पट असतो, त्यामुळे इन्व्हर्टरही मोठा घ्यावा लागतो. सहाशेच्या जागी चौदाशे-पंधराशे वॅट-तासांचा खर्च अंगावर येतो. घरचा फ्रीज फुकट मिळाला म्हणून आनंद मानणाऱ्याला बॅटरी, इन्व्हर्टर आणि वजन यांच्या रूपाने त्याची किंमत मोजावीच लागते.

येथे जैन स्वयंपाकघराचा एक फायदा सहज ध्यानात येत नाही. प्रवासाचा डबा मुळातच खाकरे, सुखडी, गोळपापडी, चिवडा अशा कोरड्या पदार्थांवर उभा असतो. शिळे राहिलेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याचा प्रश्न अनेक घरांत उद्भवत नाही, आणि दह्याची किंवा पिठाची मर्यादा फ्रीजमध्ये ठेवल्याने वाढते असे परंपरा मानत नाही. मग फ्रीजमध्ये ठेवायचे ते काय? दूध, त्या दिवसाचे दही, लोणी, थोडी भाजी, फळे आणि औषधे. सहा माणसांच्या कुटुंबालाही चाळीस लिटर पुरतात.

दुसरा फायदा चौविहाराचा. सूर्यास्तानंतर आहार-पाणी बंद असेल, तर फ्रीजचे दार रात्री उघडत नाही. दर वेळी दार उघडले की थंड हवा खाली सांडते आणि उष्ण हवा आत शिरते. ती पुन्हा थंड करण्याचा भुर्दंड बॅटरीवर पडतो. रात्री बाहेरची हवाही निवळलेली असते. त्यामुळे दिवसाच्या सहाशे वॅट-तासांपैकी रात्रीच्या अकरा-बारा तासांच्या वाट्याला दोनशेच्या आसपासच येतात आणि उरलेले चारशे दिवसा खर्च होतात, म्हणजे सौर पॅनेल काम करत असते तेव्हा. ज्या कुटुंबात मध्यरात्रीपर्यंत शीतपेयांसाठी दार उघडत-मिटत राहते, त्याला हा हिशेब लागू होत नाही.

खडकी ते मांगी-तुंगी

उदाहरणादाखल एक यात्रा घेऊ. खडकीहून निघून नाशिक फाट्यावरून चाकण, नारायणगाव, संगमनेर, नाशिक आणि पुढे सटाणा, ताहाराबादमार्गे मांगी-तुंगी. भगवान ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती पाहण्यासाठी २०१६ पासून या डोंगराकडे यात्रेकरूंचा ओघ वाढला आहे. वाटेतले थांबे धरून हा दिवसभराचा प्रवास. गाडीचे इंजिन त्यांतले सात-आठ तास चालू असते.

आदल्या रात्रीच फ्रीज घरच्या विजेवर लावून ठेवावा आणि त्यात ठेवायचे दूध-पाणीही आधी घरच्या फ्रीजमध्ये थंड करून घ्यावे. दहा लिटर द्रव तीस अंशांवरून पाच अंशांवर आणण्यासाठी सुमारे २९० वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते, आणि त्यासाठी कॉम्प्रेसरला दीड-दोनशे वॅट-तास वीज सहज लागते. हे काम महावितरणच्या विजेवर झाले तर बॅटरीतला एक रात्रीचा खर्च वाचला.

गाडी सुरू झाली की अल्टरनेटर वीज निर्माण करतो. पण ती थेट फ्रीजच्या बॅटरीला जोडून भागत नाही. गाडी सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि घराची बॅटरी वेगळी, हा या विषयातला पहिला नियम आहे. दोन्ही कायम जोडलेल्या राहिल्या तर रात्री फ्रीज दोन्ही पिऊन टाकतो आणि सकाळी चावी फिरवली तरी गाडी हूं की चूं करत नाही. आडरानात, वृद्ध माणसे बरोबर असताना, ही अवस्था दूध नासण्यापेक्षा फार वाईट. पूर्वी यासाठी साधा रिले बसवत. इंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडी आणि बंद झाले की तोडी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांमध्ये अल्टरनेटर संगणकाच्या हुकमतीखाली असतो. इंधन वाचवण्यासाठी तो मध्येच आपला दाब उतरवतो. अशा गाडीत केवळ रिलेवर विसंबले तर घराची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तेथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. २० अँपिअरचा असा चार्जर ताशी सुमारे २५० वॅट-तास जमा करतो. आठ तासांच्या प्रवासात दोन हजार वॅट-तास होतात. त्या वेळचा फ्रीजचा खर्च वजा जाता बॅटरी काठोकाठ भरलेली घेऊन गाडी डोंगराच्या पायथ्याशी पोहोचते.

यापुढे दोन दिवस मुक्काम. गाडी उभी, अल्टरनेटर निजलेला. खर्चाच्या बाजूला दोन दिवसांचे बाराशे वॅट-तास मांडले. छपरावर दोनशे वॅटचे सौर पॅनेल असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी आडव्या बसवलेल्या त्या पॅनेलकडून सहाशे वॅट-तासांच्या आसपास जमा होते. जमा आणि खर्च जुळले, शिल्लक अबाधित. हाच मुक्काम श्रावणात असेल तर जमा तिसऱ्या हिश्शावर येऊ शकते. मग दोन दिवसांत आठशेची तूट पडते आणि ती शिशाच्या एका बॅटरीच्या आवाक्याबाहेर जाते. पावसाळ्यातली यात्रा आखताना सौर पॅनेलची जमा निम्म्याहूनही कमी धरणे शहाणपणाचे.

उन्हाळ्यात आणखी एक पेच असतो. गाडी झाडाच्या सावलीत लावली तर आतली हवा थंड राहते आणि फ्रीजचा खर्च घटतो. पण सावली पॅनेलवरही पडते. एका फांदीची सावली पडली तरी पॅनेलचे उत्पन्न तिच्या आकाराच्या मानाने फार अधिक घटते. वेगळे घडीचे पॅनेल लांब तारेने उन्हात मांडता आले तर दोन्ही साधते; पण ते उचलून ठेवण्याची आठवण आणि राखण कोणाकडे, हेही ठरवावे लागते.

पातळ तारेचा उपद्रव

बॅटरी उत्तम, फ्रीज उत्तम, तरीही पहाटे तीन वाजता फ्रीज बंद पडतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. दोष बहुधा तारेत असतो. बॅटरीपासून फ्रीजपर्यंतचे अंतर सहा मीटर असेल तर जाऊन-येऊन तार बारा मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार वापरली आणि पाच अँपिअर प्रवाह वाहिला, तर वाटेतच सुमारे पाऊण व्होल्ट गळतो. घराच्या २३० व्होल्टमध्ये पाऊण व्होल्टाला कोणी विचारत नाही. १२ मध्ये तो मोठा घाटा आहे. बॅटरीत १२ व्होल्ट असताना फ्रीजला सव्वाअकराच दिसतात. बॅटरी वाचवण्यासाठी फ्रीजमध्येच एक राखणदार बसवलेला असतो. दाब ठरावीक पातळीखाली गेला की तो फ्रीज बंद करतो. बॅटरीत शिल्लक असूनही ती संपली, असा त्याचा समज होतो. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर ही गळती पाव व्होल्टाच्याही खाली येते. तारेच्या आरंभी, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. फ्रीजजवळ लावलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करत नाही. काही शे रुपयांच्या या कामात केलेली काटकसर पुढे हजारोंच्या बॅटरीच्या माथी मारली जाते.

फ्रीजच्या पाठीमागे हवा खेळण्यासाठी मोकळी जागा आणि वर-खाली जाळी ठेवणेही तितकेच आवश्यक. सुतार सुंदर कपाट करतो आणि फ्रीज त्यात चपखल बसवतो. मग स्वतःच काढलेल्या उष्णतेत फ्रीज गुदमरत राहतो.

गॅसवर चालणारा फ्रीज

परदेशांतल्या मोटरहोमांत दीर्घकाळ वेगळ्याच जातीचा फ्रीज वापरात होता आणि आजही आयात केलेल्या किंवा जुन्या गाड्यांत तो आढळतो. १९२२ मध्ये स्टॉकहोममधील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुण विद्यार्थ्यांनी शोधलेल्या पद्धतीवर तो चालतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, फिरणारा कोणताच भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत फिरत राहतात आणि उष्णता दिली की थंडावा मिळतो. ती उष्णता गॅसच्या ज्योतीची असो, २३० व्होल्टच्या विजेची असो वा १२ व्होल्टच्या. उष्णतेने थंडी निर्माण करणारे हे यंत्र निःशब्द चालते आणि त्यामुळे अनेकांना ते मोहात पाडते.

आपल्याकडे ते घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. १२ व्होल्टवर ते शंभर-सव्वाशे वॅट सलग मागते. रात्रभर बॅटरीवर चालवणे अशक्यच, केवळ इंजिन चालू असताना त्याचा उपयोग. दुसरे, उभी गाडी सपाट नसेल तर नळ्यांतला प्रवाह नीट चालत नाही. कॉम्प्रेसरच्या फ्रीजला थोडा कल सहज सोसतो. तिसरे, बाहेरचे तापमान चाळीस अंशांजवळ गेले की या पद्धतीची शक्ती तोकडी पडते, आणि नाशिक-जळगावच्या पट्ट्यात मे महिन्यात हे नित्याचे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ज्योतीची. चालत्या गाडीत, विशेषतः पेट्रोल पंपावर, गॅसची ज्योत पेटलेली असणे हा सरळ मृत्यूला दिलेला निरोप आहे. ज्यांच्याकडे असा फ्रीज आहे त्यांनी गॅस मुक्कामापुरता ठेवावा, तोही दारे-खिडक्या आणि बाहेरची जाळी मोकळी असताना, आणि गाडी हलण्यापूर्वी सिलिंडरचा नॉब बंद करावा.

जनित्राचा मोह

खडकीचे नाव घेतल्यावर डिझेल जनित्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना येथलाच, आणि देशभरातल्या लग्नमंडपांपासून रुग्णालयांपर्यंत वीज गेल्यावर घरघरणारी असंख्य इंजिने या नावाची. चित्रपटसृष्टीच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये जनित्र असतेच, कारण तेथे वातानुकूलन चालवायचे असते. मग मोटरहोममध्ये का नको?

वातानुकूलन हवे असेल तर जनित्राला पर्याय थोडेच आहेत. पण केवळ फ्रीजसाठी ते बसवणे म्हणजे वाटाण्याच्या पोत्यासाठी ट्रक भाड्याने घेणे. काही हजार वॅटचे डिझेल इंजिन पन्नास वॅटच्या भारावर तासन्‌तास चालवले तर ते पुरेसे तापत नाही. न जळलेले इंधन आणि काजळी आत साचत जाते आणि इंजिनाचे आयुष्य घटते. चालवायचेच असेल तर दिवसातून तास-दीड तास, मोठ्या चार्जरला जोडून, भरपूर भार देऊन चालवावे आणि बॅटरी भरली की बंद करावे. उभ्या गाडीचे मुख्य इंजिन केवळ बॅटरी भरण्यासाठी सुरू ठेवण्यालाही हाच आक्षेप लागू आहे. शिवाय धूर: त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. धर्मशाळेच्या आवारात पहाटे सामायिकाला बसलेल्यांच्या खिडकीखाली जनित्र सुरू करणे कितपत शोभते, हे प्रत्येकाने ठरवावे.

धर्मशाळेतला प्लग

आपल्याकडे कॅरॅव्हॅन पार्क अजून मोजकेच आहेत. तीर्थक्षेत्रांवरच्या धर्मशाळा मात्र सर्वत्र आहेत. रात्रीपुरता एक प्लग मिळाला की सर्व हिशेब सुटतो, आणि व्यवस्थापक बहुधा नाही म्हणत नाहीत. मात्र विचारून घ्यावे आणि विजेची रक्कम भोजनशाळेच्या पावतीप्रमाणे रीतसर भरावी. सहाशे वॅट-तासांचा खर्च काही रुपयांचा असतो, म्हणून तो न देण्याचे कारण होत नाही. अडचण असते ती एक्स्टेन्शनच्या तारेची. रीळ पूर्ण उलगडूनच वापरावे. गुंडाळलेल्या तारेत उष्णता साठते आणि वेष्टन वितळू शकते. गाडीत शिरणाऱ्या विजेला अर्थिंग आणि आरसीसीबी हवाच, कारण पावसात ओल्या जमिनीवर उभे राहून लोखंडी दाराला हात लावणारा पहिला माणूस बहुधा घरातले लहान मूल असते. गावाकडे रात्री वीज जाते, याचाही हिशेब ठेवावा; फ्रीज थेट प्लगला न लावता बॅटरीला लावावा आणि प्लगने बॅटरी भरावी. मग वीज गेली काय, आली काय, फ्रीजला कळतही नाही.

दुधापेक्षा मोलाचे

दूध नासले तर ते वासाने कळते. फ्रीजमधली खरी जोखीम दुसऱ्याच गोष्टीची आहे. यात्रेला निघालेल्या कुटुंबात आजी किंवा आजोबा इन्सुलिनवर असणे आता सर्रास झाले आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते, आणि ते बिघडले तरी डोळ्यांना अनेकदा काहीच दिसत नाही. बिघडलेल्या औषधाचे इंजेक्शन घेऊन डोंगर चढू लागलेल्या वृद्धाची साखर कोठे जाईल, हे सांगता येत नाही.

उष्णतेची भीती सर्वांना असते. गोठण्याची फारशी कोणाला नसते. वास्तविक गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये हा धोका अधिक. थंड पत्र्याला टेकलेली कुपी गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी टाकूनच द्यावे लागते. लसींच्या वाहतुकीत हीच दक्षता घेतली जाते. १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्ड लसीचे पहिले ट्रक विमानतळाकडे निघाले, तेव्हा साऱ्या देशाने ते दूरदर्शनवर पाहिले. त्या लसीची मर्यादाही २ ते ८ अंशांचीच. गावोगाव लस नेणाऱ्या आरोग्यसेविका बर्फाच्या पिशव्या डब्यात भरण्यापूर्वी थोड्या वितळू देतात, आत पाणी हलल्याचा आवाज आला की मगच वापरतात. लस गोठू नये, हेच त्यामागचे कारण.

म्हणून फ्रीजमध्ये कमाल आणि किमान तापमान नोंदवून ठेवणारा एक साधा थर्मामीटर असावा. सकाळी दार प्रथम उघडताना दोन्ही आकडे पाहावेत. रात्री काय घडले ते तो सांगतो. औषधाचा डबा मधल्या कप्प्यात, कापडात गुंडाळून, पत्र्यापासून दूर ठेवावा. वापरात असलेले पेन मात्र साधारण चार आठवड्यांपर्यंत सामान्य तापमानात राहू शकते. नेमके दिवस आणि तापमान उत्पादकाच्या कागदावर छापलेले असते. ते बाहेर, सावलीत, ओल्या कापडाने गार राखलेल्या पिशवीत ठेवले तर फ्रीज बंद पडला तरी त्या दिवसाची मात्रा सुरक्षित राहते. सगळा साठा एकाच फ्रीजच्या भरवशावर सोडू नये.

बर्फाची जुनी युक्ती आजही कालबाह्य झालेली नाही. आइस्क्रीमच्या गाड्यांपैकी पुष्कळांच्या भिंतींत खारट द्रवाने भरलेल्या पट्ट्या असतात. रात्री त्या विजेवर गोठवतात आणि दिवसभर गाडी विजेवाचून थंड राहते. कुल्फीवाल्याच्या हंडीतले मीठ आणि बर्फ हे त्याच तत्त्वाचे मूळ रूप. मोटरहोमच्या फ्रीजमध्येही दिवसा, ऊन आणि वीज मुबलक असताना, पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवल्या तर त्या रात्रीची बॅटरी होतात. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषून घेतो. अशा दोन बाटल्यांवर रात्रीचा बराचसा भार निभावतो, आणि त्यासाठी वेगळा खर्च नाही.

गाडी स्वतः बांधून घेणाऱ्यांना आणखी एका कागदाची आठवण ठेवावी लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत केलेला बदल नोंदणी प्राधिकरणाच्या मंजुरीवाचून चालत नाही. कारखान्यातून कॅरॅव्हॅन म्हणूनच मंजूर झालेली गाडी घेतली तर हा प्रश्न येत नाही. साध्या व्हॅनमध्ये गल्लीतल्या कारागिराकडून बॅटऱ्या, गॅस आणि पलंग बसवून घेतले, तर अपघातानंतर विमा कंपनीच्या टेबलावर तो पहिला प्रश्न असतो. आरटीओच्या फेऱ्या कंटाळवाण्या खऱ्या, पण त्या यात्रेपूर्वी झालेल्या बऱ्या.

यात्रेहून परतल्यावर खडकीतल्या अंगणात गाडी उभी राहते ती कधी कधी दोन-तीन महिने. तेव्हा फ्रीज रिकामा करून कोरडा पुसावा आणि दारात लाकडाची एक पातळ पट्टी अडकवून ते किंचित उघडे ठेवावे; बंद दारामागे बुरशी आठवडाभरात धरते. घराची बॅटरी सर्व भारांपासून तोडावी. शिशाची असेल तर पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जर लावावा. लिथियमची असेल तर निम्मी भरलेली ठेवणे तिला अधिक मानवते.